न घेतलेल्या नावांची भाषा

माझ्या बायकोनं आजवर माझं नाव घेतलेलं नाही. त्यामुळे ती चंद्राला चंद्र म्हणत नाही आणि ताऱ्यांना तारे म्हणत नाही. माझं नाव ताराचंद. तिचं नाव ललिता. मीही ते तोंडानं घेत नाही, पण लिहायला हरकत नसावी.

लिहिण्याची मला सवय नाही. आंधळगावात आमचं किराण्याचं दुकान आणि थोडी धानाची शेती. दुकानाच्या पाटीवर भाव लिहिण्यापलीकडे माझा हात कधी गेला नाही. पण ललितानं जे केलं ते मी जवळून पाहिलं आहे, आणि दुसरं कोणी ते लिहील असं दिसत नाही.

ती पवनीकडची. आमचं लग्न बहात्तर साली झालं. तिच्या माहेरी सुनांनी नवऱ्याचं आणि सासऱ्याचं नाव घ्यायचं नाही, एवढीच रीत होती. आमच्या घरी रीत जास्त कडक. नावात जो शब्द असेल, तो शब्दही सुनेनं बोलायचा नाही. हे तिला कोणी आधी सांगितलं नव्हतं. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ती चुलीपाशी गेली आणि माझ्या आईला विचारलं, दूध कुठं ठेवू? बाहेर ओसरीवर माझे वडील बसले होते. त्यांचं नाव दूधराम. ते खोकले आणि उठून गोठ्याकडे गेले.

माझी आई, गिरजाबाई, स्वभावानं मऊ होती. तिनं ललिताला बाजूला घेतलं. "या घरी ते नाव घेत नाही, बाई. धवळं म्हन."

दुसरी एखादी नवी नवरी रडली असती. ललिताला गंमत वाटली. त्या दिवसापासून ती घरातल्या बायकांच्या बोलण्यावर कान ठेवून राहिली. सोन्याला पिवळं म्हणायचं, कारण माझ्या आजोबांचं नाव सोनबा. दुधी भोपळ्याला पांढरा भोपळा म्हणायचं, कारण त्यातही सासऱ्याचं नाव येतं. हे सगळं तिच्या लगेच लक्षात आलं. माझ्या नावावरून तिला स्वतःलाच दोन शब्द सोडावे लागले. एवढंच नाही, माझ्या धाकट्या बहिणीचं नाव चंद्रकला. त्यातही माझं अर्धं नाव. म्हणून ललिता तिला नुसतं कला म्हणू लागली, आणि पुढे सगळं घरच तिला कला म्हणू लागलं.

पण एक शब्द तिला उलगडेना. दिव्याला आमच्या घरच्या बायका मिणकी म्हणत. संध्याकाळ झाली की आई म्हणायची, मिणकी लाव. आणि दिवाळीला म्हणायची मोठा सण. घरात दिवा किंवा दीप असलेलं नाव कोणाचंच नव्हतं. ललितानं आईला विचारलं.

"माही सासू म्हने," आई म्हणाली. "मंग आपनबी तसंच."

ललिता चार-पाच दिवस त्यावर विचार करत होती. मग एका दुपारी दुकानात गिऱ्हाईक नसताना ती मागच्या दारानं आली आणि पोत्यावर बसली.

"या घरात एक मानूस होऊन गेला," ती म्हणाली. "त्याचं नाव मले समजलं आहे. पन मले घेता येत नाही. तुमी घ्या."

मी म्हटलं, मला माहीत नसलेलं नाव मी कसं घेऊ?

"मिणकीले लोक काय म्हनतात ते घ्या. मंग त्या सणाचं नाव घ्या. दोनीत जे सारखं आहे त्याचा मानूस करा."

मी थोडा वेळ घोटाळलो. मग म्हटलं, "दिवाळू?"

तिनं चटकन डोक्यावर पदर ओढून घेतला, जणू घरातलं वडीलधारं माणूस दारातून आत आलं होतं.

त्या रात्री जेवताना मी ते वडिलांना सांगितलं. ते जेवता जेवता थांबले. त्यांचे वडील सोनबा तरणेपणीच एका साथीत गेले होते, आणि माझे वडील मामाच्या घरी वाढले. सोनबाच्या वडिलांचं नाव त्यांना कधीच कळलं नाही. ते ज्याला ठाऊक होतं असं एकच माणूस उरलं होतं, ते म्हणजे त्यांची आई. आणि ती त्या घरची सून. सासऱ्याचं नाव तिनं मरेपर्यंत घेतलं नाही. म्हणजे ज्या रीतीनं ते नाव बुडालं, त्याच रीतीनं ते जपूनही ठेवलं होतं, फक्त आत बाहेर उलटं करून. ललितानं ते पुन्हा सुलटं केलं.

दरवर्षी पितरांच्या पंधरवड्यात माझे वडील पान टाकताना सोनबाचं नाव घ्यायचे आणि पुढे म्हणायचे, ज्याचं नाव ठाऊक नाही त्याले. त्या वर्षी त्यांनी थोडं थांबून दिवाळू म्हटलं. नंतर मला बाजूला घेऊन म्हणाले, खरं असलं नसलं तरी तोंडाले बरं वाटलं.

तिथून ललिताला छंदच लागला. नुसतं जुन्या शब्दांवर तिचं भागेना, तिला नवे बनवायचे होते. तिनं पाहिलं की घरातल्या जुन्या बायकांचीही शब्द करायची एक पद्धत होती. वस्तू दिसते कशी ते न पाहता ती करते काय ते पाहायचं, आणि शेवटी की लावायची. मिणमिण करते ती मिणकी. मग चंद्र काय करतो? ती बरेच दिवस शोधत होती. आधी तिनं सरकी म्हणून पाहिलं, आभाळात सरकतो म्हणून, पण सरकी तर कापसाची. मग म्हणाली, तो झिजतो. म्हणून चंद्र झाला झिजकी. तारे झाले लुकलुकी.

या खेळात तिची जोडीदारीण कला. ती तेव्हा शाळेत जात होती. रोवण्याच्या दिवसांत बांध्यांत वाकून धान लावताना, उन्हाळ्यात अंगणात लाख, म्हणजे लाखोळीची डाळ, वाळवताना दोघी शब्द करत. कलाला शब्द लगेच सुचत, पण ललिता त्यातले पुष्कळसे टाकून द्यायची. ती म्हणायची, नवीन मुसळ हाताला टोचतं. वर्षभर कांडल्यावर त्याला मुठीची जागा पडते, तशी शब्दाला तोंडाची जागा पडली पाहिजे. म्हणून शब्द तयार झाला की दोघी तो मुद्दाम घाईघाईत, पुन्हा पुन्हा बोलायच्या, आणि तो जिथं झिजेल तिथं झिजू द्यायच्या. आमच्या शेजारी बेबीबाई राहायच्या. साऱ्या गावाच्या गोष्टी पाठीमागं बोलायची त्यांना हौस. त्यांच्यासाठी कलानं केलेला शब्द होता पाठीमागूनबोलकी. एका पावसाळ्यात झिजून त्याचा पाबोकी झाला. बेबीबाईंनी तो शब्द कुठूनतरी ऐकला आणि त्यांना तो फार आवडला. त्या स्वतःच इतर बायकांना पाबोकी म्हणू लागल्या. कला हसून हसून अंगणात बसली.

हळूहळू त्यांची एक पूर्ण भाषा झाली. त्यात सासूला, विहिरीला, पावसाच्या तीन प्रकारांना, जावयाच्या रुसण्याला, शेजारणीच्या उसनवारीला शब्द होते. मला त्यातलं थोडंच समजे. दोघी माझ्यासमोर बोलत, माझ्याकडे पाहत आणि हसत. मला त्याचा राग येत नसे. घरात हसणं होतं.

एकोणऐंशीच्या फाल्गुनात कलासाठी बपेऱ्याचं स्थळ आलं. मुलाचं नाव खुशाल. तो चिखल्याच्या खाणीत नोकरीला होता, जमिनीखाली उतरायचा. तो मुलगी पाहायला आला तेव्हा कपाळावर बांधायच्या दिव्याच्या पट्ट्याची खूण त्याच्या डोक्यावर दिसत होती. तो जास्त बोलला नाही. जाताना मात्र त्यानं कलाला विचारलं की अंधाराची भीती वाटते का. ती म्हणाली, नाही. तो म्हणाला, मले वाटते, पन रोज जातो. ते गेल्यावर कलानं ललिताला त्यांच्या भाषेत एक वाक्य सांगितलं. मला ते समजलं नाही, पण बहिणीचं तोंड मला समजलं.

आडनावं वेगळी होती. पण आमच्यात आडनावं पदावरून, धंद्यावरून पडलेली. सख्ख्या भावांची दोन आडनावं झाल्याची घरं आहेत. कुळाचा देव दोन्हीकडे नारायणदेव, पण तो तर अर्ध्या तालुक्याचा. म्हणून वडील म्हणाले, घर पाहून येऊ, बसून बोलू, मग ठरवू.

आम्ही तुमसरवरून बसनं बपेऱ्याला गेलो. वडील, आई, ललिता आणि मी. घर नीटनेटकं होतं. खुशालची आई सुलोचनाबाई हसतमुख. खुशालची म्हातारी आजी शकुनबाई खाटेवर बसून आमची चौकशी करत होती. बोलणं जमत आलं होतं. संध्याकाळ झाली. सुलोचनाबाईंनी आतल्या मोठ्या सुनेला हाक मारली.

"मिणकी लाव वो, पाहुण्याईले दिसत नाही."

माझ्या आईच्या हातातला चहाचा कप तिथंच थांबला. वडिलांनी मान वर केली आणि ललिताकडे पाहिलं. ललितानं डोळे खाली घातले. त्या घरातल्या कोणाला काहीच कळलं नाही. आम्ही चहा संपवला, कळवतो म्हणालो आणि शेवटच्या बसनं निघालो.

घरी आल्यावर वडिलांनी आवाज चढवला नाही. ओसरीवर बसून त्यांनी सगळ्यांना बोलावलं. कला दाराच्या आड उभी होती.

"मिणकी या मुलखात दुसऱ्या कोनत्या घरी म्हनतात?" त्यांनी विचारलं.

उत्तर त्यांनीच दिलं.

"नाही म्हनत. आपल्याच घरी म्हनतात. काहून म्हनतात ते सूनबाईनंच सांगतलं. दिवाळूबुवाचं नाव घ्याचं नाही म्हनून. मंग त्या घरच्या सुना काहून म्हनतात? त्यायचाबी तोच पुरखा म्हनून. एका घराचे दोन तुकडे आहेत हे. मी भावाबहिनीचं लगन लावू का?"

त्यांच्या बोलण्यात कुठंच फट नव्हती. ललिताचंच गणित होतं, तिच्याच पद्धतीनं मांडलेलं, आणि ते तिच्या सगळ्यात जवळच्या माणसावर जाऊन पडलं होतं. नकार आठ दिवसांत बपेऱ्याला जाऊन द्यायचा, असं ठरलं. बसून बोललेलं स्थळ चिठ्ठीनं मोडायचं नाही, एवढी रीत वडील पाळायचे.

कला रडली नाही. दुसऱ्या दिवशी ललिता तिच्याशी त्यांच्या भाषेत काही बोलली, तेव्हा कला साध्या मराठीत म्हणाली, "तुहा खेळ तुह्यापाशी ठेव, वहिनी." त्यानंतर ती ललिताशी साध्या, सरळ मराठीतच बोलू लागली. सात वर्षं ज्या घरात दोन भाषा होत्या तिथं एकच उरली. मला त्या शांततेची सवय नव्हती.

ललितानं मात्र हात टेकले नाहीत. ती तांदूळ निवडायची आणि विचार करायची. मला एकदा म्हणाली की मामाजी, म्हणजे माझे वडील, चुकलेले नाहीत, पण त्यांनी अर्धीच गोष्ट धरली आहे. उरलेली अर्धी कोणती, ते तिलाही तेव्हा सांगता येईना. ती तिला कलानंच दिली, तेही रागात.

सकाळची वेळ होती. कला चुलीपाशी आली, ललिताकडे न पाहता तिनं आईला सांगितलं की धवळं उतू चाललं आहे. मग टोपली उचलली आणि म्हणाली, दुधीची भाजी करू का? ललिताच्या हातातलं सूप खाली गेलं. ती तशीच दुकानात आली. दोन गिऱ्हाइकं होती, ती जाईपर्यंत दाराला टेकून उभी राहिली.

"कलाले कोनी मना केलं का?" तिनं विचारलं.

मी म्हटलं, कशाची मनाई?

"तिच्या बापाचं नाव घ्याची. ते या घरची लेक आहे. लेकीले रीत लागत नाही. तरी ते धवळं म्हनते, मायच्या तोंडून आयकत वाढली म्हनून. पन भोपळ्याचं नाव सरळ घेते. मले घेता येते का? मी मरंन, पन घेनार नाही."

मी अजून तिच्याकडे पाहतच होतो. मग तिनं मला लहान मुलाला सांगावं तसं सांगितलं. सून बंदीनं बोलते, लेक सवयीनं. सून तो शब्द जिथं जिथं येईल तिथं तिथं टाळेल. लेकीला फक्त आईच्या तोंडचा एक शब्द लागलेला असतो, बाकीचं ती बिनधास्त बोलते. आता समजा आमच्या घरची एखादी लेक पूर्वी बपेऱ्याला दिलेली असेल. तिनं मिणकी शब्द आपल्यासोबत नेला असेल, तिच्या सुनांनी तो उचलला असेल. मग त्या घरात शब्द आमचा, पण पुरखा आमचा नाही. म्हणजे ते भाऊबंद नव्हेत, सोयरे; लग्नाला हरकत नाही.

"हे कसं ओळखाचं?"

"त्या घरची सगळ्यात म्हातारी सून त्या सणाचं नाव घेते का ते आयकाचं. दिव्याचं नाव टाळून सणाचं घेत असंल, तं बंदी नाही, नुसती सवय आहे."

बोलण्याच्या ओघात तिच्या तोंडून दिवा शब्द निघून गेला होता. तिच्या ते लक्षात आलं, तिनं जीभ चावली, पदर सावरला आणि घरात गेली. तिच्या तोंडून तो शब्द मी त्या एकाच वेळी ऐकला.

वडिलांना हे मी सांगितलं तेव्हा ते म्हणाले की हे फार बारीक काम आहे, त्यावर लेकीचं आयुष्य ठेवता येत नाही. पण नकार द्यायला जायचंच होतं. ललिता पहिल्यांदाच त्यांच्यासमोर उभी राहून बोलली.

"मामाजी, निरोप द्याच्या आधी मले त्या घरी एक गोष्ट इचारू द्या. तुमी सोताच्या कानानं आयका. मंग तुमचा निरोप."

ती सोबत बसमध्ये चढली तेव्हा वडिलांनी तिला खिडकीजवळची जागा सोडली.

बपेऱ्याला शकुनबाई अंगणात बसून सुपात लाख निवडत होत्या. सुलोचनाबाईंनी आमच्या चेहऱ्यावरून काहीतरी ओळखलं होतं. त्या नेहमीपेक्षा कमी बोलत होत्या. खुशाल खाणीतून सुट्टी घेऊन आला होता आणि खांबाला टेकून उभा होता. वडील खाटेवर बसले. ललिता सरळ म्हातारीसमोर जाऊन बसली आणि तिच्या सुपातली लाख निवडू लागली. थोडा वेळ दोघी खडे काढत राहिल्या. ललिताला त्या सणाचं नाव तोंडानं घेता येत नव्हतं, आणि म्हातारीच्या तोंडून तर तेच काढायचं होतं. मला घाम आला होता. तिला आला नव्हता.

"आजीबाई," ती म्हणाली, "तुमच्या बपेऱ्याची मंडई कधी भरते जी?"

आमच्याकडे गावोगावी वर्षातून एकदा मंडई भरते. दंडारीचं नाचगाणं होतं, पाहुणे येतात, लेकी माहेरी येतात. कोणत्या गावची मंडई कधी, हा पाहुण्यानं विचारायचाच प्रश्न.

म्हातारीनं सूप खाली ठेवलं. "मंडई ना? दिवाळी झाली का मंग, मंगळवारच्या दुसऱ्या दिवशी."

"मंगळवारच्या दुसऱ्या दिवशी म्हनजे?"

"मंगळवारच्या दुसऱ्या दिवशी वो. आमच्या म्हाताऱ्याचं नाव आहे त्या दिवसात." सुलोचनाबाई आणि आतल्या सुना हसल्या. खुशालच्या आजोबांचं नाव बुधा होतं.

ललिता वडिलांकडे वळून पाहत नव्हती. तिनं फक्त हातातला खडा बाजूला टाकला. त्या एका वाक्यात तिला हवं ते सगळं आलं होतं. रीत त्या घरीही कडक होती. सत्तरीची म्हातारी मेलेल्या नवऱ्यासाठी आठवड्यातला एक दिवस अजून गिळत होती. आणि तीच दिवाळी मोकळ्या तोंडानं बोलली होती.

वडिलांच्या ते लगेच ध्यानात आलं नाही, किंवा आलं असेल पण त्यांना खात्री हवी होती. "आजी, कोनत्या सणाच्या मागून म्हनलं?"

"दिवाळीच्या, भाऊ. कानानं कमी आयकू येते का तुमाले?"

वडील हसले नाहीत. खाटेवर पुढे सरकले. "मंग दिव्याले मिणकी कायले म्हनता?"

"आता ते सासूनं शिकवलं. आमाले तं लगनाच्या आधी तो शब्द माहीतबी नव्हता." म्हातारीनं पुन्हा सूप उचललं. "ते तुमच्याच गावची होती. आंधळगावच्या दिवाळूची लेक."

ते नाव अंगणात ज्या सहजपणे पडलं ते मी विसरणार नाही. माझे वडील खाटेवरून उठले. सात वर्षं ते पितरांना पान टाकताना हे नाव घेत होते, सुनेनं बायकांच्या बोलण्यातल्या एका रिकाम्या जागेतून काढून दिलेलं नाव, खरं असलं नसलं तरी म्हणून घेतलेलं. आणि इथं, परक्या गावात, एक म्हातारी ते गावातल्या कोणत्याही माणसाचं घ्यावं तसं घेत होती.

"तुमी पाहिलं त्यायले?" त्यांनी विचारलं.

"नाही, भाऊ. सासू सांगे. तिचा बाप मोठा तापट होता म्हने, पन लेकीले एक शब्द बोलला नाही."

ललितानं विचारलं की त्यांच्या सासूबाईंचं नाव काय. म्हातारीनं सून असल्यामुळे ते घेतलं नाही. तिनं मान वळवून नातवाकडे पाहिलं. खुशाल म्हणाला, "अंजिरा. आमची पणजी."

वडिलांनी पाणी मागितलं. तांब्या रिकामा करून ते पुन्हा बसले. मग सुलोचनाबाईंना म्हणाले, "मी तं लगनाची तारीख काढाले आलो." सुलोचनाबाईंनी तोंडावर पदर धरला. खुशाल खांबापासून दूर झाला आणि कुठं जावं ते न कळून विहिरीकडे गेला.

परतताना वडील बसमध्ये माझ्या शेजारी बसले. तुमसर आलं तेव्हा मला म्हणाले की आपल्या घराण्यात पुरुषांची नावं आपण सांगतो, पण सांभाळली बायकांनी. एवढंच. मग आंधळगावपर्यंत झोपले.

कला अंगणात वाट पाहत होती. ललिता दारातूनच तिच्याशी त्यांच्या भाषेत काहीतरी लांबलचक बोलली. कलानं त्याच भाषेत एकच शब्द विचारला. ललितानं मान हलवली. कलानं ललिताचा हात धरला, दोघी आत गेल्या आणि आतून हसण्याचा आवाज आला. मला त्यातला एकही शब्द समजला नाही आणि त्याची गरजही वाटली नाही.

लग्न वैशाखात झालं. पुढे खुशालला चिखल्याला कंपनीच्या वसाहतीत घर मिळालं. ललितानं आपला छंद सोडला नाही, पण आता तिची जोडीदारीण दूर होती. भेट झाली की दोघी राहिलेलं सगळं बोलून घ्यायच्या. शहाऐंशीच्या सुमारास आम्ही चिखल्याला गेलो होतो. पाळी बदलायची वेळ होती. वसाहतीतल्या बायका दारात उभ्या राहून कामावर जाणाऱ्या नवऱ्यांशी बोलत होत्या, कोणी मराठीत, कोणी हिंदीत, कोणी छत्तीसगढीत. समोरच्या घरातली छत्तीसगढची बाई नवऱ्याला ओरडून म्हणाली की मिणकी नीट बघून घे. ती टोपीवरच्या दिव्याबद्दल बोलत होती. ललितानं तिला हिंदीत विचारलं की हा शब्द कुठला. ती बाई म्हणाली, इथलाच, सगळे म्हणतात.

ललितानं तिला काही सांगितलं नाही. ती हसून परत आली.

दुपार कलंडत होती. कलाची मुलगी अंगणात खेळत होती, चार-पाच वर्षांची. खाणीच्या लोखंडी मनोऱ्यावर दिवसाचा चंद्र पांढरट, अर्धा दिसत होता. मुलीनं बोट वर केलं.

"मामा, ते पाहा. झिजकी."

कला घरात भाकरी करत होती. तिला चंद्राचं नाव घ्यायला कोणाचीच मनाई नव्हती, आणि तिच्या मुलीला तर अजिबात नव्हती. ललिता माझ्या शेजारी उभी होती. तिनं माझ्याकडे पाहिलं, डोक्यावरचा पदर नीट केला आणि भाचीला म्हणाली, "हव, तेच ते."

मी वर पाहिलं.